बडोद्याचा हिऱ्यांचा हार

बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याचा तीनपदरी हार. ‘स्टार ऑफ द साउथ’ (१२८.४८ कॅरट) आणि ‘इंग्लिश ड्रेस्डेन’ (७८.५३ कॅरट) हे दोन मोठे हिरे त्यात एकाखाली एक लोलकासारखे बसवलेले होते आणि हाराची ख्याती मुख्यतः त्यांच्यामुळेच झाली. वंशपरंपरागत दागिना म्हटला की गोवळकोंड्याच्या खाणी आणि मोगल खजिना डोळ्यांपुढे येतो. हे दोन्ही हिरे मात्र ब्राझीलचे आहेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय बाजारातून गायकवाडांकडे आले.

‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा १८५३ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील बागाजेम येथे खाणीत राबणाऱ्या एका गुलाम स्त्रीला सापडला. या शोधाबद्दल तिला गुलामीतून मुक्त करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. बागाजेमला मात्र पुढे या हिऱ्याचेच ‘एस्त्रेला दो सुल’ हे पोर्तुगीज नाव मिळाले. कच्च्या हिऱ्याचे वजन सुमारे २६१ कॅरट होते. ॲमस्टरडॅमच्या कोस्टर यांच्या कारखान्यात त्याला पैलू पाडले गेले. १८५२ मध्ये लंडनला जाऊन कोहिनूरला नव्याने पैलू पाडणारे कारागीर याच कारखान्याचे होते. पैलू पाडताना निम्म्याहून अधिक वजन गेले. जो हिरा उरला तो उशीच्या घाटाचा, समोरून जवळजवळ पांढरा दिसणारा आणि आतून परतणाऱ्या प्रकाशात किंचित गुलाबी झाक दाखवणारा होता. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तो मांडला गेला. त्यानंतर खंडेराव गायकवाडांनी (कारकीर्द १८५६–१८७०) तो ८०,००० पौंडांना घेतल्याचे सांगितले जाते. खंडेरावांची रत्नांची हौस पाहता हा आकडा अशक्य वाटत नाही. मदिनेच्या दर्ग्याला अर्पण करण्यासाठी बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा विणवून घेणारे महाराज हेच.

‘इंग्लिश ड्रेस्डेन’ या नावाचा जर्मनीतील ड्रेस्डेन शहराशी संबंध नाही. बागाजेमच्याच परिसरात १८५७ मध्ये सापडलेला, सुमारे ११९.५ कॅरट वजनाचा हा कच्चा हिरा ड्रेस्डेन आडनावाच्या लंडनमधील व्यापाऱ्याने विकत घेतला, म्हणून त्याला हे नाव पडले. सॅक्सनीच्या राजखजिन्यातील ‘ड्रेस्डेन’ हिऱ्यांशी गल्लत होऊ नये, म्हणून मागे ‘इंग्लिश’ लागले. यालाही कोस्टर यांच्याकडेच पैलू पडले आणि लोलकाला साजेसा थेंबाचा घाट मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा त्या व्यापारात गबर झालेल्या एका व्यापाऱ्याने तो घेतला आणि तेजी ओसरल्यावर तो गायकवाडांच्या जवाहिरखान्यात पोहोचला.

काही लेखनात हा हार नेपोलियनचा असल्याचे सांगितले जाते. नेपोलियन १८२१ मध्ये वारला आणि हे दोन्ही हिरे त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने जमिनीतून निघाले, तेव्हा निदान या हिऱ्यांपुरता तो दावा टिकत नाही.

खंडेरावांनंतर गादीवर आलेल्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत हिरा बडोद्याच्या राजकारणात वेगळ्याच रूपाने शिरला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्यातील ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांना सरबताच्या पेल्यात तळाशी साका दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळल्याचे सांगण्यात आले. हिरकणी खाल्ली की माणूस मरतो, ही आपल्याकडील जुनी समजूत त्यामुळे चौकशीच्या कागदपत्रांत जाऊन बसली. या विषप्रयोगाचा ठपका मल्हाररावांवर आला, पण त्याची चौकशी करणाऱ्या तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांच्या आयोगात एकमत झाले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आणलेल्या सयाजीरावांना (तिसरे) गादीबरोबर हा रत्नसंग्रहही मिळाला. त्यांचा ओढा शिक्षण आणि ग्रंथालयांकडे अधिक होता. १९११ च्या दिल्ली दरबारात ते रत्नालंकार न घालता साध्या पोशाखात बादशहासमोर गेले आणि त्यावर बराच गदारोळ झाला. दोन्ही हिरे एका हारात बसवलेले असून तो घराण्याच्या संग्रहात आहे, अशी माहिती १९३४ मध्ये त्यांच्या पुत्राने अमेरिकी रत्नतज्ज्ञ रॉबर्ट शिप्ली यांना दिली होती.

हार सर्वतोमुखी झाला तो सीतादेवींमुळे. पिठापुरमच्या राजघराण्यातील सीतादेवींशी सयाजीरावांचे नातू आणि बडोद्याचे तेव्हाचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४३ मध्ये दुसरा विवाह केला. १९४८ च्या छायाचित्रात त्यांच्या गळ्यात हा हार दिसतो: हिऱ्यांचे पदर, मध्यभागी ‘स्टार ऑफ द साउथ’ आणि त्याखाली ‘इंग्लिश ड्रेस्डेन’. त्या मोनॅकोला स्थायिक झाल्या आणि संग्रहातील बरेचसे जडजवाहीर परदेशी गेले. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता भारत सरकारने काढून घेतली. जवाहिरखान्यातील कोणती वस्तू संस्थानची आणि कोणती राजाची खाजगी, हा त्या काळात अनेक संस्थानांत उपस्थित झालेला प्रश्न बडोद्यात फार तीव्र झाला. खंडेरावांच्या काळात अशी वाटणी कोणी मांडलीच नव्हती, हे त्याचे मूळ म्हणावे लागेल.

सीतादेवींनी पुढे काही दागिने विकले. त्यांच्या पैंजणांतील पाचू आणि हिरे वापरून न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी केलेला हार डचेस ऑफ विंडसर (इंग्लंडचे माजी राजे आठवे एडवर्ड यांच्या पत्नी) यांनी घेतला होता. एका मेजवानीत सीतादेवींनी ‘ही रत्ने पूर्वी माझ्या पायांत होती’ असे म्हटल्यावर तो हार विन्स्टन यांच्याकडे परत गेला, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

‘स्टार ऑफ द साउथ’ पुढे स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न येथील प्रयोगशाळेत तपासला गेला आणि त्या तपासणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याचा रंग फिकट गुलाबीसर तपकिरी ठरला. नायट्रोजनचा अंश जवळजवळ नसलेल्या ‘दोन-अ’ या दुर्मीळ प्रकारात तो मोडतो. कोहिनूरही याच प्रकारातला आहे.