झाडावर मशीन चढली, दोर खालीच राहिला

मिरगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या भागात झाडं छाटायचे असतात. धुऱ्यावरच्या निंबाची सावली कपाशीवर पडते, चिंचेची फांदी घराच्या कौलांवर झुकलेली असते, शेळ्यांना पाला हवा असतो. या कामाला पूर्वी गावात दोन-तीन ठरलेली माणसं होती. माझे काका त्यांतले एक. अनवाणी चढायचे, कुऱ्हाड खांद्याला अडकवलेली. सोबत दोर असायचा, पण तो तोडलेली फांदी हळू खाली सोडायला. स्वतःला बांधायचं कुणाच्या मनातही येत नसे. डाव्या हातानं वरची फांदी धरायची आणि उजव्या हातानं घाव घालायचा. धरायला एक हात कायम मोकळा असल्यामुळेच ही पद्धत इतकी वर्षं चालली.

आता त्याच निंबावर पोरं चेन सॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळी-करवत, घेऊन चढतात. ही मशीन दोन्ही हात मागते. मग अंग कशानं धरायचं, हा प्रश्न आमच्याकडे अजून नीट विचारलाच गेलेला नाही. दुसरीकडे तो का विचारला गेला, हे समजायला मशीनचा इतिहास पाहावा लागतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळी वापरली, ही गोष्ट हल्ली मोबाईलवर फार फिरते. ती खरी आहे, पण लाकडाशी तिचा संबंध फार थोडा. लाकडाची खरी सुरुवात जर्मनीतली. आंद्रेयास श्टील यांनी 1926 साली विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली आणि 1929 साली पेट्रोलवरची. त्या पेट्रोल मशीनचं वजन 46 किलो होतं आणि ती धरायला दोन माणसं लागत. अशी मशीन झाडावर नेण्याचा विचारही कुणी केला नसता. तिचं काम बुंध्याशी, जमिनीवर.

मधल्या काळात साखळी सुधारली. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला 1946 साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे सरकत होती. त्यावरून त्यांनी आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला वळलेल्या दातांची साखळी तयार केली. आज आपण जी चेन कानशीनं घासतो ती याच घराण्यातली. आमचे संत्रावाले खोडातल्या अळीच्या नावानं बोटं मोडतात, आणि तसल्याच एका अळीनं करवतीला दात दिले, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचा सगळा प्रवास वजन उतरण्याचा. 1950 साली श्टीलची एका माणसाची पेट्रोल मशीन आली, 16 किलोची. 1959 साली श्टीलचीच कॉन्ट्रा आली, 12 किलोची. 1963 साली अमेरिकेत होमलाइटनं साधारण साडेपाच किलोचं यंत्र काढलं, चेन जिच्यावरून फिरते ती लोखंडी पट्टी आणि चेन सोडून. याच काळात पडद्याचा कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) रुळला. हा बदल वजनाइतकाच मोठा होता. जुन्या कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा असल्यामुळे मशीन आडवी केली की पेट्रोल गडबडायचं. पडद्यामुळे ती आडवी, उलटी, कशीही चालू लागली. झाडावर तर सरळ धरून काम होतच नाही. म्हणून मला वाटतं, मशीन झाडावर चढली ती खऱ्या अर्थानं या पडद्यामुळे.

त्यानंतर मुठीची जागा बदलली. मागची मूठ काढून ती इंजिनाच्या डोक्यावर आणली, त्यामुळे मशीन आखूड आणि तोलदार झाली. जपानी कंपन्यांनी हा प्रकार फार छोटा केला. इकोची 25 सीसीची एक मशीन पट्टी-चेन सोडून 2.3 किलोची आहे, भरल्या पाण्याच्या कळशीपेक्षा कितीतरी हलकी. पण वरची मूठ आली की दोन्ही हात जवळजवळ येतात. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला लागला की मशीन उसळून अंगावर येते, आणि जवळजवळच्या दोन हातांत ती रोखायला जोर पुरत नाही. एका हातात तर मुळीच नाही. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणून कंपन्या स्वतःच लिहितात, की ही मशीन फक्त झाडावर, शिकलेल्या माणसानं, दोन्ही हातांनी वापरावी.

तिकडे, परदेशात, झाडावर मशीन चालवणं शक्य झालं, कारण दोर आधी आला होता. गिर्यारोहकांचा प्रुसिक फास 1931 पासून माहीत होता, वजन पडलं की आवळणारा आणि हातानं सरकणारा. झाडावरच्या कामगारांनी या सगळ्या गाठी उचलल्या. मशीन हलकी होऊन वर पोचली, तेव्हा माणूस दोरावर बसायला शिकलेला होता आणि त्याचे दोन्ही हात मोकळे होते. कापताना तो आणखी एका पट्ट्यानं खोडाला बांधून घेतो. त्या पट्ट्यात पोलादी तार असलेली बरी, कारण चालत्या चेनला नुसता दोर म्हणजे काहीच नाही.

आमच्याकडे उलटं झालं. मशीन आधी आली, तीही जमिनीवरची: 58 सीसीची, 22 इंची पट्टीची. ती वर न्यायला जड, म्हणून पोरांनी तिच्यात फेरफार केले. एका गावात मी मागची मूठ कापून वर पाइपाची मूठ वेल्डिंग केलेली मशीन पाहिली. तिचा चेन थांबवणारा पुढचा ब्रेकचा दांडा मुठीआड गेला होता आणि मनगटानं ढकलताच येत नव्हता. मी ती चालवणाऱ्या पोराला हात जोडून सांगितलं, ही वर नेऊ नको.

मीही बदल केले आहेत, छोट्या मशीनवर. आधी सायलेन्सर मोकळा केला. आवाज वाढला, ताकदही वाढली. पण हवा जास्त झाल्यावर कार्बोरेटरचा एच स्क्रू थोडा उघडून पेट्रोल वाढवावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पिस्टन आवळला गेला. सिलिंडर काढून पाहिला तर आत उभे ओरखडे, नखाला लागतील असे. सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळीही मी काढली होती. ती परत बसवली. चैत्र-वैशाखात आमच्या रानात सागाची वाळली पानं घोट्यापर्यंत असतात, तिथे एक ठिणगी पुरते.

फायद्याचे ठरले ते बदल वेगळे. पट्टी 10 इंची केली. पाव इंच पिचची, म्हणजे बारीक कड्यांची, चेन घेतली, सोबत तिचंच स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि पट्टी. या चेनची चीर बारीक पडते, लाकूड कमी कापावं लागतं, म्हणून छोटं इंजिन दमत नाही. दातापुढचा खुंट मात्र जास्त घासू नये. दात खोल शिरतो आणि मशीन जास्त उसळते. मागे एक कडी लावली, पट्ट्यानं कमरेला अडकवायला. पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी ऑईल लिटरमागे 20 मिली, कंपनीनं लिहिलंय तेवढंच.

काकांना पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरे-मांड्यांचा पट्टा, घातला तेव्हा ते बराच वेळ बकलं चाचपत राहिले. मग मशीनकडे पाहून म्हणाले, "हे राहू दे खालतं, मी कुऱ्हाडच नेतो." त्या दिवशी ते कुऱ्हाड घेऊनच चढले, पण दोर बांधून. निंबाच्या दुसऱ्या बेचक्यात पोचल्यावर त्यांनी दोरावर हळूहळू वजन टाकून पाहिलं, आणि मग वरच्या फांदीवरचा डावा हात सोडला.