ऑफ स्टंपकडे सरकलेला गार्ड : पार्श्वभूमी

पुण्यातल्या उन्हाळी शिबिरांत अलीकडे फलंदाजीचा एक धडा सरसकट दिला जातो : गार्ड (यष्ट्यांसमोर कुठे उभे राहायचे याची फलंदाजाने क्रीजच्या रेघेवर केलेली खूण) मिडलवर किंवा त्याहीपुढे ऑफ स्टंपवर घ्यावा, म्हणजे डोळ्यांच्या रेषेबाहेरचा चेंडू निर्धास्तपणे सोडता येतो. (तीन यष्ट्यांपैकी फलंदाजाच्या पायांच्या बोटांकडची ऑफ, टाचांकडची लेग आणि मधली मिडल.) पूर्वी याच मैदानांवर लेग स्टंप किंवा मिडल-लेग घेणाऱ्याला कोणी कारण विचारत नसे. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, मात्र त्यांच्यामागची कारणे पायचीतच्या (यष्ट्यांवर जाणारा चेंडू पायाने किंवा पॅडने अडवल्यास बाद देण्याच्या) नियमात, खेळपट्टीच्या स्वभावात आणि चेंडूचा मार्ग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत शोधावी लागतात. ही कारणे न सांगता मुलाला नुसती जागा दाखवली, तर चेंडू वेगळा वागू लागला की त्याच्याजवळ विचार करायला आधार उरत नाही.

आरंभीच्या काळाचा या प्रश्नाशी संबंध मोजकाच आहे. अठराव्या शतकात चेंडू जमिनीलगत येत असे, बॅट खाली वाकडी असे आणि यष्ट्या दोनच होत्या. १७७१ मध्ये इंग्लंडमधील एक फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला आणि त्यानंतर बॅटची कमाल रुंदी सव्वाचार इंच ठरली. १७७४ च्या नियमावलीत पायचीतचा उल्लेख आला, तर १७७५ मध्ये एका सामन्यात चेंडू पुनःपुन्हा दोन यष्ट्यांमधून निसटल्यावर तिसरी यष्टी रूढ झाली. पुढे १९३० च्या आसपास यष्ट्यांची एकूण रुंदी आठ इंचांवरून नऊ इंच झाली. म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर रुंदीचे लक्ष्य पावणेअकरा सेंटिमीटरच्या फळीने राखायचे, आणि त्या लक्ष्याकडे पाठ करून उभे राहायचे, ही फलंदाजाची मूळ अडचण आहे. आपल्या मागे ऑफ स्टंप नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी त्याला क्रीजवर एक खूण लागते.

ती खूण कोणत्या स्टंपवर असावी या वादाला खरी कलाटणी १९३५ च्या एका निर्णयाने मिळाली. तोवर पायचीत देण्यासाठी चेंडूचा टप्पा दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांच्या सरळ पट्ट्यात पडणे आवश्यक होते. ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा पडून आत वळणारा चेंडू फलंदाजाने पॅडवर घेतला, तर तो यष्ट्यांवर जाणार हे उघड दिसत असूनही पंचाला बोट वर करता येत नसे. १९२० च्या दशकात आणि त्यानंतर धावांचे डोंगर उभे राहू लागले, पॅड ही बचावाची दुसरी फळी बनली आणि गोलंदाज हवालदिल झाले. म्हणून १९३५ मध्ये प्रयोगादाखल आणि १९३७ मध्ये कायमचा असा बदल झाला की टप्पा ऑफ स्टंपबाहेर पडला तरी फलंदाज पायचीत होऊ शकेल. दोन गोष्टी मात्र तशाच ठेवल्या गेल्या. लेग स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत नाही, आणि चेंडू पॅडला लागतो ती जागा यष्ट्यांच्या पट्ट्यातच असली पाहिजे.

या निर्णयाचे फायदे-तोटे आजही मांडले जातात. समर्थकांच्या मते पॅडमागे लपण्याची सवय त्यामुळे मोडली. विरोधकांचे म्हणणे असे, की लाभ फक्त आत येणाऱ्या चेंडूला, म्हणजे इनस्विंग आणि ऑफस्पिनला मिळाला. लेगस्पिनरच्या आणि डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या बाहेर जाणाऱ्या चेंडूला त्यातून काही लाभले नाही, म्हणून गोलंदाजी आत वळू लागली, तिच्याबरोबर फलंदाजीही लेगकडे वळली आणि ऑफच्या बाजूचे मोकळे फटके कमी झाले. या मताकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तरीही प्रस्तुत लेखकाला निर्णयाची दिशा योग्य वाटते. दोष आहे तो निर्णय अर्धवट सोडण्यात. चेंडू कुठे लागला याची अट शिल्लक ठेवल्यामुळे पुढचा पाय ऑफ स्टंपच्या बाहेर नेऊन चेंडू पॅडवर घेणारा फलंदाज पूर्वीइतकाच सुरक्षित राहिला. त्याला फक्त एक पाऊल अधिक टाकावे लागले. १९५७ मध्ये एजबॅस्टन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध इंग्लंडच्या दोन फलंदाजांनी ४११ धावांची भागीदारी केली, तेव्हा पाहुण्यांच्या फिरकी गोलंदाजाने एकाच डावात ९८ षटके टाकली. त्याचे असंख्य चेंडू ऑफ स्टंपबाहेर ताणलेल्या पॅडवर आदळत राहिले आणि प्रत्येक अपील फेटाळले गेले. फटका खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न नसेल तर बाहेर लागलेल्या चेंडूवरही पायचीत देता येईल, ही तरतूद १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग म्हणून आली आणि १९८० च्या संहितेत स्थिरावली. जे काम १९३५ मध्येच व्हायला हवे होते, त्याला पुढची पस्तीस वर्षे लागली.

आज ऑफ स्टंपवर गार्ड घेण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याचे मूळ याच उरलेल्या अटीत आहे. फलंदाज ऑफ स्टंपवर उभा असेल आणि फटका खेळत असेल, तर आत येणारा बराचसा चेंडू त्याच्या पॅडला ऑफ स्टंपच्या बाहेर लागतो आणि तो वाचतो. लेग स्टंपवर उभ्या असलेल्या फलंदाजाचा पाय मात्र त्याच चेंडूला पट्ट्याच्या आत सापडतो. शिबिरांत डोळ्यांच्या रेषेचे कारण सांगितले जाते, पण नियमाचे हे कारण बहुधा सांगायचे राहून जाते. त्यामुळे फटका न खेळता पॅड पुढे करणाऱ्या मुलाला आपण बाद का झालो हेच समजत नाही.

नियम कोणताही असला तरी खेळपट्टी त्याची धार कमी-जास्त करते, याची दोन उदाहरणे पुण्याच्याच नोंदींत सापडतात. धावा आटोक्यात आणण्यासाठी केलेला बदल कायम होऊन अकरा वर्षे झाली होती, तेव्हा डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राच्या एका फलंदाजाने काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्याच मोसमात पुण्यातच झालेल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात चार डावांत मिळून २,३७६ धावा झाल्या. चेंडू जिथे फारसा वळत नाही आणि सरळ उसळून येतो, तिथे पायचीतची भीती कमी असते आणि फलंदाजाला हात मोकळे करायला जागा हवी असते. मुरुमावर किंवा सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर, म्हणजे जाड चटईवर, वाढलेल्या खेळाडूंनाही हेच लागू होते. उसळी उंच असल्याने पॅडला लागलेला चेंडू बहुधा यष्ट्यांवरून जाणारा असे, आणि लेग स्टंपवर उभे राहिले की कट (ऑफच्या बाजूला आडव्या बॅटने मारायचा फटका) मारायला पुरेशी जागा मिळे. जुन्या पिढीचा लेग स्टंप गार्ड अशा मैदानांवर शहाणपणाचाच होता.

त्यानंतर सगळ्यात मोठा फरक पडला तो कॅमेऱ्यांच्या आधारे पंचांच्या निर्णयाचा फेरविचार (डीआरएस) सुरू झाल्यावर. २००८ मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात ही पद्धत प्रथम कसोटीत वापरून पाहिली गेली आणि २००९ च्या अखेरीस ती अधिकृत झाली. भारताने मात्र तिला दीर्घकाळ विरोध केला. भारतातल्या कसोटी मालिकेत ती आली नोव्हेंबर २०१६ मध्ये, राजकोटला. पुढचा पाय लांब टाकून, बॅट पॅडला चिकटवून फिरकी खेळणाऱ्या फलंदाजाला पूर्वी संशयाचा फायदा मिळत असे. चेंडूचा मार्ग पडद्यावर दिसू लागल्यावर पंच अशा फलंदाजाला धीटपणे पायचीत देऊ लागले. परिणामी बॅट पॅडच्या पुढे आणणे, क्रीजमध्ये खोल जाऊन खेळणे आणि गार्ड ऑफकडे नेणे या तिन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच वाढल्या. यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची आहे. पण गार्ड बदलणे सोपे आणि बॅटचा मार्ग बदलणे कष्टाचे, म्हणून सगळा भर तिसरीवर पडला.

पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत याचा प्रत्यय आला. पाहुण्यांच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले, आणि पहिल्या डावात शेवटचे सात गडी अवघ्या ११ धावांत बाद झाले. खेळपट्टी भयंकर वळत होती हे खरे. पण घात केला तो न वळलेल्या चेंडूंनी. दुसऱ्या डावात भारतीय कर्णधाराने ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडलेला चेंडू वळून बाहेर जाईल या खात्रीने बॅट वर उचलून सोडला आणि तो कोनातून सरळ आत येऊन ऑफ स्टंपवर लागला. जगातल्या उत्तम फलंदाजांपैकी एकाचा अंदाज असा चुकतो, तेव्हा ‘डोळ्यांच्या बाहेरचा चेंडू सोडावा’ हे सूत्र फिरकीपुढे जसेच्या तसे चालत नाही एवढे मान्य करावे लागते. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने १०९ धावा केल्या. त्याला बरीच जीवदाने मिळाली, परंतु ऑफकडे सरकणारी त्याची हालचाल प्रत्येक चेंडूला जवळपास सारखी होती आणि बॅट पॅडच्या पुढे होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने याच मैदानावर १५७ धावांत १३ बळी घेतले आणि भारताला मायदेशात बारा वर्षांनी मालिका गमवावी लागली. त्या सामन्याच्या पहिल्या डावात भारताचा एक अव्वल फलंदाज फुलटॉसवर, म्हणजे टप्पा न पडता आलेल्या चेंडूवर, आडवी बॅट फिरवून त्रिफळाचीत झाला. गार्ड कोणताही असता तरी तो चेंडू चुकलाच असता.

लेग स्टंपबाहेरच्या टप्प्याचे संरक्षण आजही कायम आहे. ते काढून टाकावे आणि टप्पा कुठेही पडला तरी पायचीत द्यावे, असे ऑस्ट्रेलियाच्या एका माजी कर्णधाराने वारंवार सुचवले आहे. तसे झाले तर लेगस्पिनला १९३५ पासून नाकारलेला न्याय मिळेल आणि पायामागून येणाऱ्या चेंडूकडे दुर्लक्ष करून ऑफवर उभे राहणे महाग पडेल.

शिकणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट अशी, की गार्ड आणि चेंडू सुटण्याआधीची पायांची हालचाल यांची बेरीज पाहावी लागते. मिडल गार्ड घेऊन मागे-आडवा सरकणारा मुलगा चेंडू सुटेपर्यंत ऑफ स्टंपच्या बाहेर पोचलेला असतो. मुळीच न सरकणारा दुसरा मुलगा त्याच गार्डवर मिडललाच राहतो. दोघांना एकच गार्ड देणे म्हणजे एकाला हमखास चुकीच्या जागी उभे करणे होय. पंचाच्या जागी मोबाइल उभा करून गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतानाचे चित्र थांबवले, की डोके कोणत्या स्टंपसमोर आहे हे स्पष्ट दिसते, आणि त्यावरून गार्ड इंच-दोन इंच इकडे-तिकडे करता येतो. हे चित्र उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजासाठी वेगळे आणि डावखुऱ्या फिरकीसाठी वेगळे घ्यावे, कारण दोघांचा कोन एक नसतो.

पुण्यातल्या नेटमध्ये आणखी एक अडचण असते. मॅटिंगवरची क्रीजची रेघ पुसट झालेली असते आणि लोखंडी पायावरचे स्टंप चेंडू लागला की सरकतात. फलंदाज खडूच्या जुन्या खुणेवरच उभा राहतो, त्यामुळे तासाच्या अखेरीस त्याचा मिडल प्रत्यक्षात मिडल-लेग किंवा ऑफ झालेला असतो आणि सोडलेल्या प्रत्येक चेंडूचा अंदाज तो चुकीच्या स्टंपवरून बांधत असतो. स्टंप हलल्यावर ते जागेवर आणून गार्ड नव्याने घेण्यास अर्धा मिनिट लागतो. पावसाळाभर बंदिस्त नेटमध्ये कृत्रिम गवतावर सराव केलेल्या मुलांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मातीच्या खेळपट्टीवर उतरताना ही तपासणी पहिल्याच आठवड्यात करावी, कारण तिथे चेंडू वळतो, कधी खालीही राहतो, आणि जून ते सप्टेंबर बसलेली पायांची सवय त्या उसळीसाठी बसलेली नसते.