दगडात कोरलेली शिवी : गधेगाळांची पार्श्वभूमी

मुंबईत परळला सापडलेला एक शिलालेख आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. शके ११०८ चा, म्हणजे इ.स. ११८७ चा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य (दुसरा) याच्या काळात वैद्यनाथाच्या देवळाला दान दिलं गेलं, त्याचा हा लेख. मजकूर संस्कृतात, बिरुदावलीसकट, अगदी रीतसर. शेवटाकडे आलं की मात्र भाषा एकदम बदलते : ‘अथ तु जो कोणु हुवि ए शासन लोपी तेया श्रीवैद्यनाथदेवाची भाल सकुटुंबिआ पडे’. म्हणजे हे दानपत्र जो कुणी मोडेल त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथाचा कोप होवो. आणि त्याच्यापुढे आईवरून गाढवाची शिवी. सव्वाआठशे वर्षांनंतरही ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. आपल्याला त्याची लाज वाटावी असं मला मुळीच वाटत नाही. मराठी भाषेच्या जन्माचे जे थोडे पुरावे हाती आहेत, त्यांत हे दगड मोलाचे आहेत. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख कित्येक अभ्यासक शके ९३४ चा (इ.स. १०१२) मानतात, काहींच्या वाचनानुसार तो सुमारे दोनशे वर्षं अलीकडचा आहे. पण कालमान कुठलंही धरा, हा लेखही गधेगाळावरच आहे.

दगडाची मांडणी ठरलेली. वरच्या भागात सूर्य आणि चंद्र, बरेचदा मध्ये मंगलकलश. सूर्यचंद्र आहेत तोवर हे दान चालावं, म्हणजे ‘आचंद्रार्क’. मधल्या भागात लेख. आणि तळाशी एक स्त्री व तिच्यावर आरूढ झालेला गाढव. ज्याला अक्षरओळख नाही त्यानं वर बघावं आणि खाली बघावं. दान किती काळाचं आणि ते मोडलं तर काय, दोन्ही कळतं.

दान मोडणाऱ्याला शाप देण्याची रीत शिलाहारांच्या फार आधीची. जुन्या ताम्रपटांच्या शेवटी एक श्लोक हमखास भेटतो : स्वतः दिलेली असो वा दुसऱ्यानं, जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. हा धाक राजांना आणि अधिकाऱ्यांना होता. राजवट बदलली की नवा राजा जुनं दान पाळेलच याची खात्री नसे, आणि दाद मागायला वरचं न्यायालयही नव्हतं. ताम्रपट तर दान घेणाऱ्याच्या घरात पेटीत राहायचा. शेताच्या बांधावर, गावाच्या वेशीवर, देवळासमोर जो दगड उभा राहायचा तो रोज येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायचा. त्यांच्याशी संस्कृतात बोलून काय उपयोग? परळच्या लेखात शिवीपाशीच मराठी येते त्याचं कारण, माझ्या मते, हेच.

गाढवच का? एक धागा आपल्या भाषेतच आहे : गाढवाचा नांगर फिरवणे. शत्रूची वस्ती ओस पाडायची तर तिथे गाढव जुंपून नांगर धरायचा. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं सतराव्या शतकात पुण्यावर तेच केलं. नांगरणीचा बैल जमीन फळवतो, गाढवाचा नांगर ती नासवतो. त्यामुळे दगडावरची स्त्री म्हणजे भूमीच, असं काही अभ्यासक मानतात. लेखांचे शब्द मात्र सरळ अपराध्याच्या आईकडे बोट दाखवतात. दान मोडणार मुलगा आणि विटंबना त्या बाईची, हे त्या काळाचं क्रौर्य तितकंच स्पष्ट कोरलेलं आहे.

शिलाहार तेराव्या शतकात संपले तरी गधेगाळ थांबले नाहीत. आक्षीच्या शेजारच्या नागावला शके १२८९ चा मराठी लेख आहे, ठाणे-कोकणावर राज्य करणाऱ्या हंबीररावाच्या वेळचा. त्यात शकाच्या आधी हिजरी सन ७६९ येतो. पुढच्या काळातल्या मराठी कागदांत शिवीची जागा शपथेनं घेतली : हिंदूला गाईची आण, मुसलमानाला डुकराची.

गधेगाळ मात्र जागोजागी उघड्यावरच राहिले. कुठे अपशकुनी म्हणून पुरले, कुठे देव समजून पुजले. अनेकांवर शेंदराचे इतके थर चढले आहेत की खालचं अक्षर बोटांनी चाचपूनही लागत नाही.