मातृवंदना योजनेचा अर्ज: शेवटच्या पाळीची तारीख नीट सांगा

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं अपत्य मुलगी झालं तर 6,000 रुपये एकरकमी. हे बहुतेकींना ठाऊक असतं. अर्ज अडकतो तो शेवटच्या पाळीच्या तारखेवर.

ही तारीख कुठल्याच दाखल्यावर नसते. नोंदणीच्या दिवशी आशाताई विचारते, बाई आठवून सांगते आणि तीच माता-बाल संरक्षण कार्डावर चढते. पहिला हप्ता 3,000 रुपयांचा. त्यासाठी त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झालेली लागते. पहिल्या अपत्याच्या अर्जाची 570 दिवसांची मुदतही तिथूनच मोजतात. महिनाभर आधीची तारीख लिहिली गेली, तर मुदतही महिनाभर आधी संपली!

"संक्रांतीच्या दोन दिवस आधी आली होती" असं सांगायला लाजू नका. सणावरून मोजलेली तारीख बऱ्यापैकी जुळते. घोळ होतो तो "लिहा हो एक तारीख" म्हटल्यावर. पाळी अनियमित असेल किंवा बाळ अंगावर पीत असतानाच दिवस राहिले असतील, तर तसं सांगा आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा. उशिराच्या सोनोग्राफीवरून काढलेले आठवडे तितके भरवशाचे नसतात.

मग आधीच्या बाळंतपणांचा प्रश्न येतो. सासूबाई शेजारी बसलेल्या, त्यामुळे लग्नानंतर लगेच पडलेला गर्भ सांगायचा राहून जातो. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तरी हक्क जात नाही. पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो. डॉक्टरांना तर ते कळायलाच हवं. सोबतच्यांना जरा बाहेर बसवा, असं ताईला खुशाल सांगावं.

कागदपत्रं: आधार, माता-बाल कार्ड, तिच्या स्वतःच्या नावाचं आधारशी जोडलेलं खातं (नवऱ्याचं चालत नाही) आणि पात्रतेचा कुठलाही एक पुरावा. दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, ई-श्रम, आयुष्मान, रोजगार हमीचं जॉब कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा 8 लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यातलं काहीही. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना लाभ नाही.

2,000 रुपयांच्या दुसऱ्या हप्त्याला बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी लागतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर अर्जाची मुदत तिच्या जन्मापासून 270 दिवस. कार्ड हातात पडलं की तारीख तिथेच वाचून घ्या. ऑनलाइन अर्ज भरल्यावर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.