टाकीतलं पाणी जिथं थांबतं, चोर तिथंच

आमच्या संभाजीनगरात नळ कधी येतील हे नळालाच माहीत, तरी साधारण आठ दिवसांचा हिशोब धरून आम्ही चालतो. गच्चीवर २००० लिटरची काळी टाकी, घरात चार माणसं, म्हणजे दिवसाला अडीचशे लिटर, काटकसर केली की भागतं. पण गेल्या उन्हाळ्यात सहाव्या दिवशी सकाळीच टाकी ठणठण वाजायला लागली, आई म्हणे, "आरं भरून ठेवलेलं पाणी गेलं कुठं?" आणि आमचा संशय सरळ शेजाऱ्यांच्या पाइपवर. दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो पण नाही, खरं सांगतो.

चोर घरातच होता. रात्री लाइट गेली, पंखा बंद पडला तेव्हा ऐकू आलं, संडासात सुऽऽ आवाज आणि वीस सेकंदात बंद. मग बऱ्याच वेळाने परत सुऽऽ. कुणी फ्लश केलेला नाही, आत कुणी नाही. लेकरं म्हणाली भूत आहे.

भुताचं काम समजून घ्यायला फ्लशच्या टँकमध्ये फक्त दोन गोष्टी बघायच्या. एक बाजूचा व्हॉल्व्ह, ज्यातून पाणी आत येतं, त्याला फ्लोट असतो. फ्लोट म्हणजे आर्किमिडीजचं तत्त्वच, पाणी चढलं की तो वर ढकलला जातो आणि तोंड बंद करतो. दुसरी मधली उभी नळकांडी, तिच्या बुडाशी रबराचा नाहीतर सिलिकॉनचा गोल वॉशर. बटन दाबलं की नळकांडी उचलली जाते आणि पाणी भसकन खाली. त्या नळकांडीलाच वरून उघडा ओव्हरफ्लो असतो, म्हणजे पाणी जास्त झालं तर फरशीवर न सांडता गुपचूप संडासाच्या भांड्यात जावं. सोय चांगली आहे पण गळतीही त्याच वाटेनं लपते, फरशी कोरडी म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही.

ह्या बाजूच्या व्हॉल्व्हवर ताण किती असतो ते बघा. लहानपणी शाळेच्या सहलीत आमच्या संभाजीनगरची पाणचक्की बघितली असेल, लांब डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि धो धो खाली पडतं, पंप नाही काही नाही. पाणी जितक्या उंचीवरून निघालं तितकं चढायला बघतं, एवढंच. तुमच्या संडासातल्या पाण्यालाही गच्चीवरच्या टाकीइतकं वर चढायचंय, आणि त्याला अडवून धरलंय व्हॉल्व्हमधल्या रुपयाएवढ्या रबरानं. नळ आले की पाण्यासोबत गाळ येतो, त्यातला एक खडा ह्या रबराखाली अडकला की संपलं.

बुडाच्या वॉशरचं गणित उलटं आहे. त्याला पाणीच दाबून धरतं. सहा सेंटीमीटरचा वॉशर आणि वर २० सेंटीमीटर पाणी असेल तर साधारण अर्धा किलोपेक्षा थोडं जास्त वजन त्याच्यावर बसलेलं असतं. मग गळतो कशानं? बोअरच्या पाण्यानं. आपल्याकडं खाली काळा पाषाण, त्यातून झिरपत आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार लई, हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इथं वॉशरच्या बैठकीवर बसतो. खरखरीत झालं की रबर टेकतं पण चिकटत नाही.

आणि ही फट दिसायला काहीच नसते. २० सेंटीमीटर पाण्याखालच्या भोकातून पाणी सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगानं निघतं, टॉरिचेलीचं सूत्र आहे ते. भोक फक्त एक चौरस मिलिमीटर धरा, म्हणजे जाड दाभणानं पाडलेलं, वाटेतली अडवणूक वजा केली तरी सेकंदाला सव्वा मिलिलिटरच्या आसपास. हसू नका, दिवसाला शंभर लिटर होतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. असे पाच हजार टँक गळले तर ती अख्खी गाडी एका दिवसात संडासातून खाली. आमच्या टाकीचा हिशोबही लगेच जुळला, अडीचशे अधिक शंभर, सहावा दिवस उजाडतोच कसाबसा.

आता चोर पकडायचा कसा. आम्ही आधी कपड्याच्या निळीचे चार-पाच थेंब टँकमध्ये टाकले आणि अर्धा तास कुणालाच आत जाऊ दिलं नाही (वडलांना त्याच वेळी जायचं होतं, असो). भांड्यात निळं पाणी उतरलं. पण निळीनं नुसतं कळतं की गळतंय, कुठून ते नाही. त्याला पेन्सिल पाहिजे. बाजूचा अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, पूर्ण बंद करायचा, पाण्याच्या पातळीवर आतून रेघ मारायची आणि तास-दीड तासानं बघायचं. पाणी रेघेवरच थांबलं असेल तर बूड ठीक, दोष बाजूच्या व्हॉल्व्हचा. उतरतच चाललं, पार तळाला गेलं, तर बुडाचा वॉशर. आणि मधेच एखाद्या उंचीवर येऊन थांबलं तर त्या उंचीवर नळकांडीला चीर आहे, किंवा बाजूच्या व्हॉल्व्हपासून ओव्हरफ्लोत सोडलेली बारीक रबरी नळी फार खोल गेलीय आणि सायफन होऊन पाणी ओढतेय, ती पाण्याच्या वर उचलून अडकवायची. ही शेवटची गोष्ट मिस्त्रीलाही पटकन सुचत नाही.

बाजूचा व्हॉल्व्ह दोषी निघाला तर फ्लोट हातानं वर उचला. पाणी बंद झालं म्हणजे फ्लोट उंच बसवलाय, स्क्रू फिरवून पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून इंचभर खाली राहील एवढा खाली घ्या. उचलूनही बंद होत नसेल तर आत खडा आहे, कॉक बंद करून वरचं टोपण काढा, हात आडवा धरून कॉक दोन सेकंद सोडा, गाळ निघून जातो, पण तोंड लांब ठेवा.

आमचा बुडाचाच होता. बटनाची रिंग फिरवून झाकण काढलं, ते चिनी मातीचं असतं, पलंगावर ठेवा. कॉक बंद, टँक रिकामा, नळकांडी पाव फेरा फिरवली की हातात येते. वॉशरवर बोट फिरवलं तर एका बाजूला वाळूच्या कागदासारखं लागलं. बैठकीवर लिंबूसत्वाच्या पाण्याचा कपडा तासभर ठेवला, बारीक बुडबुडे आले, तो कार्बन डायऑक्साइड, क्षार विरघळतोय म्हणून. लोकं इथं संडासाचं अ‍ॅसिड ओततात, नका ओतू, रबर आणि स्क्रू दोन्ही खातं, आणि त्यात ब्लीचिंग मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. वॉशर दुकानात मिळेपर्यंत जुनाच उलटा करून बसवला तरी काही दिवस चालतो. दुकानात जाताना मात्र जुना खिशात घेऊन जा, मापं दहा प्रकारची आहेत.

गंमत म्हणजे जुन्या साखळीच्या लोखंडी टाकीला बुडाशी वॉशरच नसायचा. पाण्याला आधी घंटेतून वर चढून मगच खाली पडावं लागायचं, सायफन, त्यामुळं बुडातून गळायचा प्रश्नच नाही. ब्रिटनमध्ये तर २००१ पर्यंत सायफनवालेच टँक लावावे लागायचे, याच कारणानं. आपण बटनाच्या हौशीपायी वॉशर पत्करला.

नवा वॉशर बसवून परत रेघ मारली, रात्रभर कॉक बंद ठेवला. सकाळी आईनंच झाकण उचलून बघितलं, पाणी रेघेला चिकटून. मग ती शेजारी कैरीचं लोणचं घेऊन गेली, कशाबद्दल ते काही तिनं सांगितलं नाही.