कृष्णधवल चित्रपटांचे रंगीकरण

कृष्णधवल चित्रित झालेल्या चित्रपटाला पुढे कधीतरी रंग चढवण्याची प्रक्रिया. मुळात रंगीत असलेली पण फिकी पडलेली प्रिंट सुधारणे हे रंगीकरण नव्हे, तो जीर्णोद्धार. दोन्ही कामे बरेचदा एकत्रच होतात आणि जाहिरातीत एकाच नावाखाली खपवली जातात.

निगेटिव्ह किंवा प्रिंट स्कॅन करून ओरखडे, डाग काढतात. मग प्रत्येक शॉटमधल्या निवडक फ्रेममध्ये चेहरा, वस्त्र, भिंत यांच्या कडा आखून रंग ठरवतात आणि तो संगणकाच्या मदतीने पुढच्या फ्रेममध्ये नेतात. मूळचा उजेड-अंधार तसाच ठेवून वर फक्त रंगछटा बसवलेली असते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर दोन तासांच्या चित्रपटात 1,72,800 फ्रेम भरतात. मोकळे केस, धूर आणि झिरझिरीत पदर यांत सर्वाधिक वेळ जातो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम झटपट करते. आभाळ, झाडे, कातडी बरी जमते, लुगड्याचा रंग मात्र शॉट बदलला की बदलतो.

खरी अडचण तंत्राची नाही. करड्या छटेत मूळ रंगाची नोंदच नसते. हिरवे आणि तांबडे लुगडे पडद्यावर सारखेच दिसू शकते. पैठणच्या संत एकनाथांवरचा ‘धर्मात्मा’ (1935) घ्या. व्ही. शांताराम दिग्दर्शित या प्रभातपटात एकनाथ साकारले बालगंधर्वांनी. उद्या तो रंगवायचा म्हटला, तर गोदाकाठच्या घाटाला मराठवाड्यातल्या काळ्या बेसाल्टचा रंग द्यायचा, की स्टुडिओत उभारलेल्या सेटला जो रंग फासला असेल तो? त्या काळी सेट, कपडे, रंगभूषा हे सारे करड्यात कसे उतरेल हे पाहून निवडत. म्हणजे सेटवरचा खरा रंग सापडला तरी तो पैठणचा असेलच असे नाही, आणि पैठणचा रंग दिला तर तो चित्रपटाचा नव्हे. जुने फोटो, शिल्लक पोशाख आणि जाणत्यांच्या आठवणी यांवरून अंदाज बांधता येतो. उरतो तो अंदाजच.

फ्रेमवर हाताने रंग भरणे मूकपटांइतकेच जुने. संगणकी रंगीकरण 1980 च्या दशकात अमेरिका-कॅनडात रुजले आणि लगेच वादात सापडले. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या चित्रपटाच्या रंगवलेल्या आवृत्तीच्या प्रक्षेपणाविरुद्ध त्यांच्या वारसांनी फ्रान्समध्ये दावा लावला. 1991 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला. भारतात ‘मुघल-ए-आझम’ (1960) 2004 मध्ये संपूर्ण रंगीत होऊन आला. त्याचा काही भाग मुळातच रंगीत होता, त्यामुळे रंगवणाऱ्यांना निदान एक अस्सल नमुना हाताशी होता. ही सोय फार थोड्यांना मिळते. पुढे ‘नया दौर’ 2007 मध्ये आणि ‘हम दोनो’ 2011 मध्ये आला. तेलुगू ‘मायाबाजार’ (1957) 2010 मध्ये रंगीत झाला तो हैदराबादच्या कंपनीकडून. 1956 पर्यंत मराठवाड्याचा कारभार ज्या शहरातून चाले, तेच हे हैदराबाद.

याच हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, अजिंठ्याची भित्तिचित्रे टिकवण्यासाठी इटालियन तज्ज्ञ आणले होते. त्यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. तो काढण्याचे किचकट काम नंतर पुरातत्त्व खात्याला करावे लागले. रंगीकरणात असा धोका कमी, कारण रंग संगणकी प्रतीवर चढतो, निगेटिव्हवर नाही. धोका आहे तो वेगळा: दूरचित्रवाणी आणि मोबाइलवर रंगीत आवृत्तीच फिरत राहते, आणि कृष्णधवल प्रत मागणाऱ्याला ती सहजी मिळत नाही.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. त्यामुळे कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा, कलम 57 मधला कर्त्याचा विशेष हक्क दिग्दर्शकाला किंवा छायालेखकाला चित्रपटाचा कर्ता म्हणून मिळत नाही. रंगीकरणासाठी त्यांची संमती लागते ती करारात तसे लिहिले असेल तरच.