छातीवरचा मुंजा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांमध्ये छातीवर बसणाऱ्या मुंजाची गोष्ट आजही खालच्या आवाजात सांगितली जाते. पहाटे जाग येते, समोरचे घड्याळही दिसते. पण हातपाय हलत नाहीत, दाराशी कोणीतरी उभे असल्याची खात्री वाटते आणि छातीवर ओझे येऊन श्वास कोंडतो. वैद्यकशास्त्र याला निद्रा-पक्षाघात म्हणते.

ज्या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळे भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्ने पडतात, तिची नोंद अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. या झोपेत मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा बुंधा, मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या पेशींना रोखून धरतो, म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात लाथा झाडत नाही. शुद्ध आधी आली आणि ही बंदी उठायला उशीर झाला, की मुंजा अवतरतो. श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूचे, काम चालूच असल्यामुळे माणूस गुदमरत नाही. मात्र बरगड्यांमधले स्नायू ढिले पडलेले असल्याने मनाजोगा खोल श्वास घेता येत नाही आणि तेच ओझे वाटते.

भीतीचा वाटा याहून मोठा आहे. बलांद जलाल या संशोधकाने इजिप्त आणि डेन्मार्कमधील लोकांच्या अनुभवांची तुलना केली, तेव्हा हा जिन्नाचा हल्ला असल्याची समजूत प्रचलित असलेल्या इजिप्तमध्ये मरणाची भीती अधिक आणि जखडलेपणही अधिक लांबलेले आढळले. त्यामुळे मुंजाशी झटापट करू नये, असे त्यांचे सांगणे आहे: हे निरुपद्रवी आहे आणि आपोआप ओसरेल हे स्वतःला बजावावे, स्नायू सैल सोडावेत आणि मन एखाद्या प्रिय गोष्टीवर स्थिर करावे. प्रिय गोष्टीच्या जागी प्रार्थनाही चालते. म्हणजे रामरक्षा म्हणायला सांगणारी आजी, कारण चुकीचे देत असली तरी, उपाय अगदीच चुकीचा सांगत नव्हती.

अपुरी झोप, झोपेच्या बदलत्या वेळा आणि उताणे झोपणे यांमुळे हा त्रास वाढतो. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात मध्यरात्रीपर्यंत गराडू-जिलेबीवर ताव मारून सकाळी सहाचा गजर लावणाऱ्यांना हे ऐकायला आवडणार नाही. क्वचित कधी असे घडले, तर औषधाची गरज नसते; परंतु दिवसा अनावर झोप येत असेल किंवा खळखळून हसताना गुडघ्यांतले बळ एकाएकी जात असेल, तर तो नार्कोलेप्सी हा वेगळा विकार असू शकतो आणि त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.